पाटावरचा लॅपटॉप

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. म्हातारीनं गोष्ट सांगताना स्वतःला सोवळं ठेवलं, असं नंतर कुणी म्हणायला नको.

माझं नाव सकवारबाई. चिकपेटच्या मागच्या गल्लीत, एका साडीच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं घर. आमची माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आली आणि इथलीच झाली. घरात मराठी बोलतो, पण भांडण लागलं की माझ्या तोंडून कन्नडच निघतं. चाळीस वर्षं मी ब्लाउज शिवते. खाली साडी घेतली की बाई जिना चढून सरळ माझ्याकडं येते. माझा हात सरळ आणि जीभ वाकडी, असं गल्लीत म्हणतात. दोन्ही खरं आहे.

घरात आम्ही तिघं. मी, मुलगा ऋतुराज आणि सून रंजिता. ऋतुराज होसूरच्या कारखान्यात आहे. पहाटे जातो तो दिवेलागणीला येतो. रंजिता निपाणीकडची. मला आत्या म्हणते, तिकडची रीत आहे. ती बेळ्ळंदूरला एका कंपनीत होती, मोठ्या काचेच्या इमारतीत. जूनमध्ये त्यांनी एका सकाळी चाळीस माणसांना घरी पाठवलं, त्यात ही. दुपारी बाराला दारात उभी. चप्पल काढली आणि म्हणाली, "आत्या, जेवायला आहे ना काही?" तेवढंच. रडली नाही, काही नाही.

त्यानंतर चार महिने ही पोरगी रोज अंघोळ करून, इस्त्रीचा कुर्ता घालून, टिकली लावून घरातच लॅपटॉपसमोर बसायची. साडेनऊला बसणार, एकला उठणार, दोनला परत बसणार. अर्ज करायची, काहीबाही शिकायची. पाच कंपन्यांत शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन आली आणि पाचही ठिकाणी नाही झालं. तिला काय बोलून धीर द्यावा ते मला कधी सुचलं नाही. गोड बोलायची सवयच नाही हो. मग मी आपली मशीन जोरात चालवायची.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी इथं सगळं शहर आयुधपूजा करतं. रिक्षा म्हणू नका, बस म्हणू नका, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि चाकाखाली लिंबं. आमच्या घरचा नियम साधा. ज्याच्यावर घराचं पोट चालतं ते पाटावर. माझी कात्री, टेप, ऋतुराजचे नट आवळायचे पाने. शिलाई मशीन जड, म्हणून ते जागेवरच, पाट त्याला टेकवून. गेल्या वर्षी रंजितानं तिचा लॅपटॉपही ठेवला होता, झाकण बंद करून, वर एक फूल.

यंदा मी पाट मांडला आणि म्हटलं, "आण गं तुझा." तर म्हणाली, "माझा नको आत्या. तो कुठं पोट भरतोय आता." हसून म्हणाली. लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग कपाटाशेजारी ठेवली आणि अंघोळीला गेली.

ते हसणं मला सोसलं नाही. रडली असती तर परवडलं असतं. मी तिथंच पाटासमोर बसून राहिले, मग उठले आणि बॅगेतून लॅपटॉप काढला. नको म्हणाली होती, हे माझ्या लक्षात होतं. तरी काढला आणि पाटावर कात्रीशेजारी ठेवला.

झाकण उघडलं. देवाचं तोंड झाकून कुणी पूजा करतं का, हा माझा विचार. आत बघते तर अक्षरांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन, अगदी मधोमध, रिकामा. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण पळतो, टचपॅड म्हणतात, हे मला मागून कळलं. त्या घडीला मला वाटलं, ही टिळ्याचीच जागा. हळद-कुंकू पाण्यात कालवलेलं होतंच. अंगठ्यानं चांगला जाडजूड टिळा लावला, शेवंती वाहिली, विड्याच्या पानानं थोडं पाणी शिंपडलं आणि म्हटलं, बाबा, हिच्यासाठी चाल.

तेवढ्यात मोरीची कडी वाजली. आता आली का पंचाईत! पदरानं पुसायला गेले तर कुंकू पसरून सगळा चौकोन लाल. कुंकू पाण्यानं जात नाही, तेलानं जातं, हे कुठल्याही बाईला विचारा. तेलाची बाटली हाताशी होती, माझ्या मशीनची, बारीक नळीची. दोन थेंब टाकले. मग म्हटलं, कंजूषपणा कशाला, आणखी चार टाकू. तेल घातलं की मशीन पळतं, एवढीच माझी अक्कल. चिंधीनं पुसून काढला. असा चकाचक दिसायला लागला की मला माझंच कौतुक वाटलं. झाकण लावलं, बॅगेत ठेवला, आणि रंजिता बाहेर आली तेव्हा मी कात्रीला हार घालत होते.

दसरा झाला. शुक्रवारी सकाळी रंजिता कामाला बसली आणि तासाभरात तिनं हाक मारली, "आत्या, हे बघा ना, काय करतंय." बाण आपला आपण पळत होता. नको ते उघडत होतं, हवं ते बंद होत होतं. तो चौकोन दाबलेलाच राहिला होता, वर यायलाच तयार नाही. मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं," आणि स्वयंपाकघरात गेले.

त्याच संध्याकाळी तिला पत्र आलं. सहावी कंपनी. पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता घरूनच दोन तासांची परीक्षा. मी म्हटलं, शेजारच्या कुणाचा लॅपटॉप आणू. तर म्हणाली, तसं चालत नाही, याच लॅपटॉपची नोंद केलेली आहे, त्यांचं काहीतरी यात आधीच बसवलंय. बरं, बाहेरून माऊस जोडायचा म्हटलं तर परीक्षेत बाहेरचं काही जोडायचं नाही, कॅमेऱ्यातून बघत असतात. म्हणजे हा चौकोन नीट झाला तर परीक्षा, नाहीतर नाही. ती हे सांगत होती आणि मी मटार सोलत होते. सालं भांड्यात आणि मटार केरात टाकत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सोमवारी ती लॅपटॉपच्या कंपनीच्या सेंटरला दुरुस्तीसाठी गेली. दुपारी परत आली ती तोंड उतरवून. ते म्हणाले, वरचा सगळा भाग कीबोर्डासकट बदलावा लागेल. किंमत सांगितली ती अर्ध्या नव्या लॅपटॉपाएवढी. आणि भाग यायला दहा दिवस. दहा दिवसांनी परीक्षा होऊन गेलेली असणार.

आणि मी काय बोलले माहीत आहे? मी म्हटलं, "शंभरदा सांगितलं, कॉफीचा कप लॅपटॉपशेजारी ठेवू नको. आता भोग." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रंजितानं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हो आत्या, चुकलंच माझं." मग कप उचलून मोरीत ठेवून आली. कप धुवून पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून तिनं कॉफी स्वयंपाकघरात उभ्यानं प्यायला सुरुवात केली. मला ते रोज दिसायचं.

ऋतुराजला तरी सांगावं म्हटलं, तर तो दमून आलेला असायचा. खरं म्हणजे तो दमलेला असतो हे निमित्त. माझी जीभच उचलत नव्हती. चाळीस वर्षं जिच्या धाकानं गल्ली गप्प बसते, ती जीभ.

बुधवारी मी पिराजीला फोन लावला. पिराजी म्हणजे माझं मशीन दुरुस्त करणारा, तीस वर्षांपासूनचा. मी विचारलं, लॅपटॉपचं काही कळतं का. म्हणाला, "सकवाक्का, माझं काम सुई-दोऱ्यापर्यंत. पण एस. पी. रोडला महांतेश आहे, चिक्कोडीकडचा. तुमच्यासमोर उघडतो, तुमच्यासमोर लावतो. भाग बदला म्हणून सांगत नाही, असेल तेच दुरुस्त करतो. माझं नाव सांगा." एस. पी. रोड आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. वायर, बल्ब, जुने कॉम्प्युटर, सगळं तिथं मिळतं. आणि रंजिता सेंटरला शहर पालथं घालून गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

गुरुवारी सकाळी दोघी गेलो. महांतेशचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, मागं भिंतभर जुने लॅपटॉप उभे करून ठेवलेले. पस्तिशीचा असेल, कपाळावर विभूती. आम्हाला दोन स्टुलं पुसून दिली. "बसा की अक्का. पिराजीमामांचा फोन आला होता." लॅपटॉप घेतला, चौकोन दाबून पाहिला, कडेनं नख फिरवलं. मग सरळ विचारलं, "काय सांडलंय यावर?"

मी तोंड उघडायच्या आत रंजिता म्हणाली, "कॉफी. माझ्याच हातून."

मी तिच्याकडं बघतच राहिले. कॉफी सांडली नव्हती, हे मला माहीत होतं. आणि तिलाही माहीत असणारच की. तिचाच कप, तिचाच लॅपटॉप. मग ही असं का म्हणतेय? हिला ठाऊक आहे की काय?

महांतेशनं लॅपटॉप खाली ठेवला. "दुधाची? साखर घालून?"

"हो," रंजिता म्हणाली.

"मग अवघड आहे ताई. साखर आतपर्यंत जाते. सगळं सुटं करून, धुऊन, वाळवून बघावं लागतं. सोमवारच्या आत मी देत नाही."

"शनिवारी परीक्षा आहे माझी," रंजिता म्हणाली. "अकरा वाजता."

"समजलं ताई. पण घाईत वरवर पुसून दिलं आणि परीक्षेच्या मध्येच बंद पडलं, तर? तेव्हा माझ्या नावानं बोटं मोडून काय उपयोग. खोटं सांगून काम घेत नाही मी."

रंजिता बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिच्या एका शब्दानं परीक्षा हातची चालली होती आणि तरी ती तो शब्द मागं घेत नव्हती. माझ्यासाठी. त्या दोन मिनिटांत मला जे वाटलं ते मी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणेन. पोटच्या पोरानं झाकली नसती अशी माझी लाज ही परकी पोरगी झाकत बसली होती आणि मी स्टुलावर ढिम्म.

"कॉफी नाही ते," मी म्हटलं. "कुंकू आहे. हळद-कुंकू आणि शिलाई मशीनचं तेल. मी घातलंय. खंडेनवमीला, ही अंघोळीला गेली होती तेव्हा. ही नको म्हणाली होती आणि मी घातलं. वर हिलाच बोलले."

म्हटलं आता दोघंही काहीतरी बोलतील. रंजितानं मान खाली घातली. महांतेश मात्र हसला, पण चांगलं हसला, टिंगल करणारं नाही. "अक्का, दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस मला हेच काम असतं. येणारा प्रत्येक जण कॉफी म्हणतो. आणि उघडलं की आत देवी बसलेली. तेल कुठलं म्हणालात? मशीनचं, पातळ?"

"पातळ."

"मग सरी, काळजी नाही. हे आधी सांगायचं ना. खोबरेल असतं तर चिकटून बसलं असतं. हे स्पिरिटनं निघतं. बसा, तासाभरात होईल."

त्यानं लॅपटॉप पालथा घातला. बारीक बारीक दहा स्क्रू काढले आणि डब्याच्या झाकणात ओळीनं ठेवले, जसे होते तसे, कुठला कुठला ते कळावं म्हणून. मी हुक-बटणं अशीच ठेवते. मला त्या माणसाचा भरवसा तिथंच आला. मग खालची पाठ उचलली, एक-दोन वायरी सोडवल्या आणि तो चौकोन उलटा करून दिव्याखाली धरला. लालभडक. माझ्या अंगठ्याचा टिळा तेलात विरघळून फटीतून आत उतरला होता, आणि खाली एक डाळीएवढं बटण असतं त्याच्याभोवती घट्ट बसला होता. बटण दाबलेलंच राहणार नाही तर काय.

"बघा," महांतेश म्हणाला, "बाकी कुठं काही नाही. देवानं एवढ्यावरच ठेवलं."

ब्रशनं, स्पिरिटनं त्यानं एकेक कोपरा साफ केला. कापसाचे बोळे लाल होत गेले, मग गुलाबी, मग पांढरे. बटण मात्र कामातून गेलं होतं. मागच्या भिंतीतला एक जुना लॅपटॉप काढून त्याचं बटण त्यानं यात बसवलं. सगळं लावून रंजिताच्या पुढं ठेवलं. तिनं बोट फिरवलं. बाण जिथं न्यायचा तिथं गेला. दाबलं, टक्क झालं, सुटलं. तिनं उगाचच आठ-दहा वेळा टक्क टक्क केलं.

साडेसहाशे रुपये म्हणाला. चिकपेटची बाई भाव केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही, पण त्या दिवशी मी पैसे देऊन वर हात जोडले.

परतताना रंजितानं बॅग छातीशी धरली होती. गर्दीतून एकामागं एक चालत होतो. कापडाच्या दुकानापाशी जरा जागा मिळाली तेव्हा मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून. बॅगेत शेवंतीची पाकळी होती आत्या. आणि मशीनच्या तेलाचा वास."

"मग बोलली का नाहीस? सेंटरमध्ये पण कॉफीच सांगितलंस?"

"हो."

"का पण? मी तुला नाही नाही ते बोलले, तरी?"

ती थांबली. "परीक्षा होऊ दे, मग सांगते. आत्ता सांगायला गेले तर रडू येईल आणि मग दोन दिवस अभ्यास व्हायचा नाही."

मी म्हटलं बरं.

शनिवारी तिनं निळा कुर्ता घातला. परीक्षेचा नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या. लग्नाचे सहा ब्लाउज शिवायचे बाकी होते, तरी मशीनवर कापड टाकलं आणि हुक लावायचं काम घेऊन जिन्यात जाऊन बसले. दोन गिऱ्हाइकं आली. एकीनं वाद घातला, तिचा ब्लाउज अकराला मिळणार होता म्हणे. मी म्हटलं, "स्वल्प हळू बोला. आत माझ्या सुनेचं ऑफिस चालू आहे." ऑफिस हा शब्द कसा तोंडात आला कोण जाणे. ती बाई आवाज उतरवून खाली गेली. दोन तास मी कान दाराला लावून बसले होते. टक्क ऐकू आलं की जिवात जीव यायचा. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी तीन हुक उलटे लावले.

एक वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. "झाली," रंजिता म्हणाली. "सगळी सोडवली. एकदाही अडकलं नाही."

"मग सांग आता," मी म्हटलं.

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. इस्त्रीचा कुर्ता चुरगळला तरी बसली.

"आत्या, नोकरी गेल्यापासून निपाणीहून रोज फोन येतो. बाबा म्हणतात, ते उघडून बसतेस कशाला, डोळे खराब होतील. ऋतुराज म्हणतो, चार दिवस बंद ठेव, विश्रांती घे. माझ्या चांगल्यासाठीच म्हणतात. पण सगळ्यांना ते खेळणं वाटायला लागलं होतं. मलाही वाटायला लागलं होतं. आणि तुम्ही मी नको म्हणत असताना तो काढलात आणि कात्रीशेजारी ठेवलात. मशीनशेजारी. ती पाकळी बघून मी मोरीत जाऊन रडले. ज्या माणसानं माझ्या रिकाम्या लॅपटॉपला हत्यार म्हटलं, त्यानं बिघडवलं असं मी सेंटरच्या कागदावर कसं लिहू?"

करोनात माझं मशीन सात महिने बंद होतं, एक ब्लाउज नाही. त्या खंडेनवमीलाही मी त्याला हार घातला होता. काम नाही म्हणून हत्यार हत्यार राहत नाही का? एवढं साधं मला येत होतं, पण तिला ते तोंडानं कधी सांगितलं नव्हतं. चार महिने मशीन जोरात चालवत बसले होते. मी तिचा हात धरला आणि रडले, जिन्यात, येणारी-जाणारी बघत असताना. बघू देत.

सहाव्या कंपनीची दुसरी फेरी येत्या मंगळवारी आहे. पुढचं पुढं. जेवायला उठलो तेव्हा तिनं आधी स्वतःची कॉफी केली, कप आणून लॅपटॉपशेजारी ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी स्वतः ठेवीन पाटावर, नोकरी असो नसो. फक्त आत्या, झाकण बंद करून."

"बरं," मी म्हटलं, आणि तेलाची बाटली उचलून मशीनच्या खणात ठेवून आले.